आक्काचं पाचवं शील

"फुंक मार."

आक्काचं पहिलं वाक्य हे. जय भीम, बरं हाय का, चहा घेता का, हे सगळं त्यानंतर. समोर पुरुष दिसला की ती जवळ जायची, टाचा उंचवायची, कारण ती होती बुटकी, आणि त्याच्या हनुवटीखाली नाक नेऊन म्हणायची, "फुंक मार." माणूस किती शिकलेला आहे, कुणाचा जावई आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत एकदा एक उमेदवार मतं मागायला आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं कार्यकर्त्यांचा घोळका. त्यांना विहारात जाऊन बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचा होता. आक्का पायरीवर आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, फुंक मारा." साहेब हसले. त्यांना वाटलं गंमत चालली आहे. ती काही हसली नाही. मग साहेबांनी रुमाल काढून तोंडाला लावला, जरा सर्दी झाली आहे म्हणाले, आणि हार एका कार्यकर्त्याच्या हातात कोंबून गाडीत जाऊन बसले. हार त्या कार्यकर्त्यानं घातला, तोही फुंक मारून.

ती बसमध्ये कंडक्टर होती. खुलताबादच्या फेरीवर तिनं बरीच वर्षं काढली. एखादा झोकांड्या खात चढला की तिकीट नंतर, फुंक आधी. वास आला की खाली. ड्रायव्हरलाही रोज सकाळी गाडी काढायच्या आधी फुंक मारावी लागायची, आणि तो बिचारा आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस होता. संध्याकाळी ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच ती माझ्या गिरणीच्या ओट्यावर येऊन बसायची आणि आज कुणाकुणाला उतरवलं ते सांगायची. माझी गिरणी तिच्या दारासमोरच आहे. तिचं सगळं मी समोरून पाहिलेलं आहे, म्हणूनच इथं ठासून बोलते आहे.

तिला हे फुंकेचं वेड उगाच नव्हतं लागलं. नवरा मिस्त्री होता, हातात कला होती. तो पिऊ लागला आणि लेक शाळेत जायच्या आत मरूनही गेला. त्याच्याविषयी ती फार बोलायची नाही. "दारूनं खाल्ला" एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची. पुढं गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान निघालं तेव्हा आम्हा बायांना गोळा करून तीच पुढं झाली. दुकानाच्या दारातच बसली. मालक ओरडतोय, पोलीस समजावतायत, आणि ही मांडीवर डबा उघडून भाकरी खातेय. दुकान बंद झालं. तिथं आता मोबाईल दुरुस्त करतात.

त्या दिवसापासून लोक तिला वाघीण म्हणायला लागले. आता माझा राग इथूनच सुरू होतो. एखाद्या बाईला वाघीण म्हटलं की तिला भीती वाटत नाही, रडू येत नाही, झोप उडत नाही, असं लोक परस्पर ठरवून मोकळे होतात. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी. तिला कधी विचारलंय का, बाई तुझं कसं चाललंय म्हणून?

पौर्णिमेला विहारात वंदना आक्काच सांगायची. पांढरी साडी, डोक्यावरून पदर. ती पंचशील म्हणायची आणि मागून आम्ही सगळे. पहिली चार शीलं सरळ सुरात जायची. पाचवं आलं, म्हणजे मद्य आणि नशेच्या सगळ्या वस्तूंपासून दूर राहण्याचं, की तिचा आवाज चढायचा आणि हात जोडलेले ठेवूनच ती पुरुषांच्या रांगेवरून नजर फिरवायची. निम्मी रांग खाली सतरंजीकडं बघत बसायची. बाया पदराआड हसायच्या.

मग छातीत गाठ निघाली. ती तिची तिलाच हाताला लागली, तिनंच दवाखाना गाठला, आणि कॅन्सर आहे हे मला सांगायला आली तेव्हा हातात दळणाचा डबा होता. "दळून ठेव, उद्या नेते," म्हणाली. लेक जालन्याला दिलेली, तिच्या कडेवर तान्हं मूल. म्हणून ऑपरेशनला आणि नंतरच्या केमोला मीच सोबत जायचे.

सुरुवातीला तिनं काय तोरा दाखवला! केस गेले तेव्हा टकलावरून हात फिरवत म्हणाली, "चला, आता उवा बी नाय आन् लिखा बी नाय." सगळी गल्ली खूश. बघा आमची वाघीण, असं जो तो सांगत सुटला. येणारा प्रत्येक जण मन खंबीर ठेवा म्हणायचा. टेन्शन घेऊ नका, पॉझिटिव्ह राहा. अहो, हे खंबीर मन मिळतं तरी कुठं? शहागंजात मिळत असेल तर दुकान सांगा, मी जाऊन घेऊन येते.

तिसऱ्या का चौथ्या केमोनंतर आक्का बदलली. उलट्या आणि तोंड येणं तर आधीपासून होतं, पण हे निराळंच होतं. ती भिंतीकडं तोंड करून बसायची. अंघोळ नको, चहा नको. लेकीचा फोन वाजून वाजून बंद पडायचा आणि ही त्याच्याकडं बघत राहायची. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी भांडले, लाडीगोडी लावली, तिच्या आवडीचं वांग्याचं भरीत नेलं. ते ताटात तसंच वाळलं. एक दिवस म्हणाली, "मला काईच वाटत नाय गं. वाईट बी वाटत नाय." आणि पुढच्या केमोचं विचारलं तर म्हणाली, कशाला.

त्या 'कशाला'नं मी घाबरले. उपचार मधेच सोडले तर काय होतं ते आम्हा दोघींनाही डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं होतं. मी तिला जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं आणि तिच्या केमोच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि आक्काला थेट विचारलं, जगावंसं वाटतं का. एवढी माणसं येऊन गेली, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आक्का फरशीकडं बघत होती. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

त्यांनी तिला तिथल्याच मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. ते शांत गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितलं की याला डिप्रेशन म्हणतात, कॅन्सरच्या उपचारात पुष्कळांना होतं, यात तुमचा काही कमीपणा नाही. तुमच्या बाकीच्या औषधांशी जुळेल अशी गोळी देतो. पहिले काही दिवस मळमळेल, गुण यायला काही आठवडे जातील, तोवर धीर धरा, आणि मनात वेडेवाकडे विचार आले तर लगेच मला सांगा. आक्कानं एकच विचारलं.

"याची नशा होती का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "दारूसारखं व्यसन लागत नाही. फक्त मनानं एकदम बंद करायची नाही. बंद करायची वेळ आली की मी हळूहळू कमी करीन."

परतताना रिक्षात ती गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून बघत होती. घर आल्यावर म्हणाली, "सोडता येत नाय म्हंजे नशाच की." मी सांगितलं की बीपीची गोळीही मनानं सोडायची नसते. तिनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवसापासून सकाळी गोळी घ्यायला लागली.

आता तिच्या दिराविषयी सांगते. धाकटा दीर, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारा, शाळेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला आणि विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, हे मला रागातही कबूल करावं लागतं. केमोच्या दिवशी रिक्षा तोच ठरवायचा. पण मोबाईल हातात आल्यापासून तो स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागला होता. त्यानं गोळीचं नाव मोबाईलवर शोधलं आणि दारात उभं राहून म्हणाला, वहिनी, ही वेड्यांना देतात ती मेंदूची गोळी आहे, एकदा लागली की सुटत नाही. तुम्ही विहारात पंचशील देता. लोक काय म्हणतील?

लोकांना तेवढंच पाहिजे होतं. दळणाला आलेल्या बाया कुजबुजायला लागल्या की दारूबंदीवाली आता गोळ्यांवर आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनोन्महिने तिच्या शिरेतून केस जाळणारं औषध चढत होतं, तेव्हा एकालाही शील आठवलं नाही. दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, झोप येईल अशी खोकल्याची औषधं घेतली, तेव्हाही नाही. शरीराला लागतं ते औषध आणि मनाला लागतं ते व्यसन, हा कायदा कुणी केला? आणि हे बोलणाऱ्यांत असे महाभाग होते ज्यांना आक्कानं स्वतः नाक लावून विहाराच्या पायरीवरून परत पाठवलं होतं.

पौर्णिमा आली. अंगात त्राण नव्हतं तरी आक्का विहारात गेली. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. तिनं वंदना सुरू केली. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. आणि थांबली. आम्ही हात जोडून वाट बघत होतो. ती ओठ घट्ट मिटून बसली होती आणि तिची मान खाली गेली होती, जशी इतकी वर्षं त्या पुरुषांची जायची. शेवटी दिरानंच पाचवं शील म्हटलं आणि वंदना उरकली. बाहेर आल्यावर माझ्याशीही न बोलता ती घरी गेली.

त्यानंतर ती फारच खचली. पाणीसुद्धा पिईना. एक दिवस मी तिच्याकडं झाडायला गेले तर मोरीच्या जाळीत गोळी अडकलेली दिसली. मग कळलं. ती रोज गोळी काढत होती आणि मोरीत टाकत होती. पुढच्या पौर्णिमेला पाचही शीलं खऱ्या तोंडानं म्हणता यावीत म्हणून.

मला काय करावं सुचेना. मी तिच्या समोर बसले आणि म्हणाले, आता गोळी घे माझ्यासमोर आणि मार फुंक. येऊ दे मला तुझ्या नशेचा वास. मला वाटलं, हसेल. निदान चिडेल.

ती म्हणाली, "वास येत नाय त्याचीच तर भीती वाटती. दारूचा यायचा, कळायचं तरी." आणि थोड्या वेळानं, भिंतीकडं बघत, "त्यो बी असंच म्हणायचा. मनाला बरं वाटतं म्हणून घेतो. झोप येत नाय म्हणून घेतो. दवा हाय म्हणायचा तिला."

एवढ्या वर्षांत नवऱ्याविषयी एवढं ती पहिल्यांदाच बोलली. मी विचारलं, "मग तवा कुणी विचारलं का त्याला, झोप का येत नाय म्हणून?" मी उठून आले.

दुसऱ्या दिवशी केमो होती. मी तयार होऊन गेले तर आक्का अंथरुणातच. हलवलं, तरी डोळे उघडेना. बाहेर दीर ओट्यावर पेपर वाचत बसला होता. मला म्हणतो, राहू द्या, मनाची तयारी नसेल तर बळजबरी कशाला करायची, मनोबल महत्त्वाचं.

मग मात्र मी सुटले. माझा आवाज गिरणीवर कमावलेला आहे, गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मी म्हणाले, दादा, तिच्या मनाची तयारी तुम्हीच मोडलीत. मोबाईलवर वाचून वेड्यांची गोळी म्हणालात. ती बाई तिथं मरायला टेकली आहे आणि तुम्हाला सतरंजीवर बसलेल्या लोकांची पडली आहे. दारं उघडली, बाया बाहेर आल्या, मी कुणाची भीड ठेवली नाही. दीर पेपरची घडी करत होता, उलगडत होता, परत घडी करत होता.

तेवढ्यात आक्का दारात आली. चौकटीला धरून उभी. डोक्याला रुमाल नव्हता. गल्लीनं तिला तशी कधी पाहिली नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचा भाऊ झोप येत नाय, झोप येत नाय म्हणत होता. आपुन त्याला दारुडा म्हणलो. दवाखान्यात कुणीच नेलं नाय, तुमी बी नाय आन् मी बी नाय. लाज वाटत होती. मला हिनं नेलंय. आता मधी येऊ नका."

मग तिनं माझ्याकडं हात पुढं केला. मी आत जाऊन गोळी आणि पाण्याचा तांब्या आणला. तिनं सगळ्यांदेखत गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि रिक्षा कुठं हाय म्हणून विचारलं.

दवाखान्यात गोळी मधेच टाकल्याचंही तिनं आपणहून सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी परत नीट सुरुवात करून दिली. गुण काही लगेच आला नाही. पहिले दिवस मळमळीत गेले. मग कधीतरी ती रात्रीची झोपायला लागली. आणि एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली की तू ज्वारी लई जाड दळतीस, भाकरीला चिरा पडतात. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याशी भांडलेसुद्धा नाही.

केमो पूर्ण झाली. पौर्णिमेला तिनं पाचही शीलं म्हटली. आवाज चढवला नाही आणि पुरुषांच्या रांगेकडंही पाहिलं नाही. पुढं ती कामावर रुजू झाली. प्यालेल्यांना बसमधून उतरवायची ती उतरवायचीच, त्यात सूट नाही. पण उतरवताना आता विचारायला लागली, "कशापायी घेतूस रे? झोप लागती का तुला?" आणि एखादा रडायला लागला तर ड्रायव्हरला थांबायला लावून त्याला दवाखान्याचा पत्ता सांगायची. गाडीला उशीर होतो म्हणून प्रवासी कटकट करायचे. ती म्हणायची, करा.

कॅन्सर परत आला, यावेळी लिव्हरमध्ये. ती घाबरली आणि घाबरले म्हणून सांगितलं. रडू आलं तेव्हा माझ्या पदराला डोळे पुसून रडली, हसू आलं तेव्हा हसली, आणि लेक आली की नातवाला पोटावर झोपवून त्याच्याशी बोलत बसली. गोळी शेवटपर्यंत चालू होती. मागच्या उन्हाळ्यात ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहार भरला होता. एकेक जण उठून बोलत होता. वाघीण होत्या. कधी खचल्या नाहीत. शेवटी दीर उठला आणि म्हणाला, आमच्या वहिनींच्या डोळ्यांत कधी पाणी पाहिलं नाही, केवळ मनोबलावर त्यांनी या रोगाशी झुंज दिली.

मी उभी राहिले. म्हणाले, खोटं बोलू नका. ती रडली, खचली, मरावंसं वाटत होतं तिला. मग तिनं डॉक्टर गाठला, रोज गोळी घेतली आणि जगली. ते तिनं तुमच्या सगळ्यांसमोर केलं, ते तिच्याकडून काढून घेऊ नका. कुणीतरी मला पाणी आणून दिलं, जणू मलाच चक्कर आली होती. पुढच्या आठवड्यात दोन-तीन घरांचं दळण दुसऱ्या गिरणीत जायला लागलं. जाऊ द्या. मी बोलले ते परत घेणार नाही.

गेल्या महिन्यात दुपारी दीर गिरणीत आला. हातात ज्वारीचा डबा. विहारातल्या त्या दिवसापासून आमचं बोलणं नव्हतं. दोन बाया आधीच थांबल्या होत्या. माणूस पार उतरला होता, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्यानं डबा ठेवला, माझ्या अगदी जवळ आला आणि गिरणीच्या आवाजात काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं होतं. तरी मी बटण दाबून गिरणी बंद केली. दगड फिरायचे थांबेपर्यंत थांबले.

"मोठ्यानं बोला, दादा," मी म्हणाले. "कळलं नाय."

त्यानं त्या बायांकडं पाहिलं, गल्लीकडं पाहिलं. पळून जाईल असं मला वाटलं.

"वहिनीला गोळी देणारे डॉक्टर कुठं बसतात?" तो म्हणाला. "मला झोप येत नाय."

त्यातली एक बाई सरकली आणि तिनं त्याला बसायला जागा करून दिली. मी हाताचं पीठ झटकलं आणि पायात चपला सरकवल्या.